एका दमात नऊ

"कडू लागते का गोड? बोल ना वं माय, कडू का गोड?"

आमची वहिनी अशी ओरडत होती की पलीकडच्या तालुक्यातल्या एखाद्या कडुनिंबानेच घाबरून उत्तर द्यावं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेला, आवाज मागे राहिला. चाळीस वर्षं आमची घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. ती तिकडे म्हशीला हाक मारते तेव्हा इकडे आमचा चहा कपात हलतो, हे मी शपथेवर सांगतो. माझ्या शपथेची किंमत काय, ते पुढे कळेलच.

त्या सकाळी आम्ही शाळेच्या स्लॅबवर होतो. चारी बाजूंनी पाणी. पैनगंगेला जाऊन मिळणारा आमचा नाला एरवी इतका गरीब की उन्हाळ्यात त्यात कोंबडी अंघोळ करायला लाजते. त्या दिवशी तो गावावर चालून आला होता. शाळेमागच्या कडुनिंबाच्या फांद्या स्लॅबवर टेकलेल्या. त्यांतली एक ओरबाडून वहिनीने पाला माझ्या बायकोच्या तोंडात कोंबला होता. बायकोच्या उजव्या हाताच्या करंगळीवर दोन बारीक ठिपके होते. सुईने टोचल्यासारखे.

आमच्याकडे साप चावला की आधी कडुनिंब. पाला चावायला द्यायचा. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर चढलं. माझ्या पणजोबाच्या आधीपासून हे असंच चालत आलंय. पणजोबा स्वतः साप चावून गेले, पण ते त्यांना निंबाऐवजी मिरची चावायला दिली म्हणून, असं आमच्या घरात मानतात.

बायकोने सावकाश पाला चावला. दोनदा गिळला. मग म्हणाली, "कडू."

स्लॅबवर जल्लोष झाला. सगळ्यांत मोठा आवाज माझा. "मी म्हनलं व्हतं ना! बिनविषारी हाय! सात हाताचा व्हता, पन बिनविषारी!"

आता सांगून टाकतो. साप मी पाहिला नव्हता. स्लॅबच्या पाइपात सरकत जाणारी वीतभर शेपटी पाहिली होती. बाकीचे साडेसहा हात माझे.

माझा धंदाच तसा होता. महागाव ते पुसद मी तीस वर्षं काळीपिवळी जीप हाणली. नऊ सीटच्या गाडीत मी सत्तावीस माणसं आणि एक बोकड नेलेला आहे. बोकड बॉनेटवर बसून खड्डे दाखवायचा. एकदा टिपेश्वरच्या जंगलातून भटकत आलेला वाघ त्याच बॉनेटवर येऊन बसला. मी हॉर्न दिला, त्याने मान वळवली, मी म्हणालो, "पुसद का?" या गोष्टीने मला दोन तालुक्यांत नाव मिळवून दिलं. गावात माझं बोलणं लोक निम्म्याने घेतात, वहिनी चौथाईने. बायको काहीच कमी करत नाही. ती ऐकतच नाही.

या नावलौकिकाचा फटका त्याच सकाळी बसला होता. पाणी चढायला लागलं तेव्हा आमच्या वस्तीतले लोक शाळेवर चढले. रेंजच्या दोन कांड्या फक्त माझ्या फोनवर होत्या. मी तालुक्याला फोन लावला.

"हजार मानूस अडकलं साहेब! तीन मजले पानी हाय!"

तिकडच्या माणसाने विचारलं, "तुमच्या गावात तीन मजली घर आहे का?"

"नाई."

"मग मोजलं कशानं?" आणि मग, जरा वेगळ्या आवाजात, "तुम्ही ते काळीपिवळीवाले तर नाही ना? वाघवाले?"

मी खवळून काही बोलणार, तोच बायकोने फोन हातातून काढून घेतला. "एकवीस मानसं. दोन तान्ही लेकरं. एक बकरी. शाळेचा स्लॅब. पानी खिडकीच्या वरच्या गजाले लागलं. लवकर या." आणि फोन मला परत दिला. तिकडून आवाज आला, "बोट निघते, बाई." माझ्या तीस वर्षांच्या वक्तृत्वाने जे होईना, ते तिच्या एवढ्याशा बोलण्याने केलं.

त्यानंतर ती बाळांसाठी कोरडं काही मिळतं का ते पाहायला गेली. स्लॅबच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली शाळेचा जुना बारदाना पडला होता. तिने हात घातला. "मुंगी चावली," म्हणाली, आणि पोतं ओढून आणलं. शेपटी मला दिसली ती तेव्हा. काळी, चकचकीत, बोटाएवढी जाड, तिच्यावर पांढरे पट्टे. दुखलं नाही तिला. ना सूज, ना आग. आणि निंब तर कडू लागला होता. आम्ही निश्चिंत झालो. वहिनीने देवाला नारळ कबूल केला, मी दोन केले. तासभर आम्ही अशा आनंदात घालवला. त्या तासाची आठवण झाली की आजही मला माझाच कान पिळावासा वाटतो.

बोट आली तेव्हा तिच्या इंजिनचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. (सगळ्यांनी एकदमच ऐकला, पण लिहून मी राह्यलो.) रबरी, काळपट, मागे इंजिन. आत फौजेचे चार जवान. तिघे दांडगे आणि एक किडकिडा, छातीशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली भलीमोठी बॅग धरलेला. आमच्या धाकट्या पोरापेक्षाही लहान असावा. आधी बॅग वर आली, मग तो.

"डाक्टरसाहेब!" मी हात जोडले.

"मैं डॉक्टर नहीं हूँ, काका. मेडिकल का जवान हूँ. डॉक्टर साहब उधर रोड पे हैं." त्याने पाण्यापलीकडे बोट दाखवलं. तिकडे, दीड-दोन किलोमीटरवर, जिथे डांबरी रस्ता पाण्यातून वर निघतो, तिथे पांढरी गाडी ठिपक्यासारखी दिसत होती. मधे पाणीच पाणी. हा पहाडाकडचा पोरगा, कुठल्या बर्फातला कोण जाणे, आमच्या काळ्या मातीच्या रबड्यात उभा होता.

सगळे एकदम त्याच्यावर तुटून पडले. माझा गुडघा, माझी शुगर, माझं पोट. एक बाई तर भोकाड पसरूनच बसली होती. तो कोणापाशीच थांबला नाही. मी म्हटलं, "अहो, तिले पाहा ना, कवाची रडून राह्यली!"

"जो चिल्ला रहा है वो ठीक है," तो म्हणाला. "चुप कौन है?"

गप्प एकच बाई होती. माझी. पाण्याच्या टाकीला टेकून बसलेली, डोळे अर्धे मिटलेले.

"झोप येऊन राह्यली तिले," वहिनी म्हणाली. "पहाटपासून जागी हाय."

तो उकिडवा बसला. तिची हनुवटी धरून म्हणाला, "अम्मा, पेड़ का ऊपर वाला पत्ता देखो." बायकोने वर पाहिलं. म्हणजे बुबुळं वर गेली. पापण्या गेल्याच नाहीत. त्या तशाच, अर्ध्या ओढलेल्या शटरसारख्या. त्याने तिचा हात पाहिला, करंगळी पाहिली, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"साँप?"

"सात हाताचा," मी म्हणालो. "फणा असा, सुपाएवढा..."

"आपने देखा?"

कसं विचारलं बघा. रागाने नाही, चेष्टेने नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी तो प्रश्न उत्तर हवं म्हणून विचारला होता.

"शेपटी," मी म्हणालो. "काळी. पांढरे पट्टे. बोटाएवढी."

त्याने मान हलवली. मण्यार. मग त्याने तिच्या ओठाला चिकटलेला पाला काढला. "ये क्यूँ?" वहिनीने कडू-गोडाचा सगळा इतिहास सांगितला. तो ऐकून घेतला त्याने, हसला नाही. म्हणाला, "नीम को नहीं पता होता, अम्मा."

औषध डॉक्टरांच्या बर्फाच्या पेटीत होतं. डॉक्टर रस्त्यावर होते. रस्ता पाण्यापलीकडे होता. वायरलेसवर तो त्यांच्याशी बोलला, तिची नाडी, डोळे, वेळ, सगळं. मग तिच्यापाशी येऊन म्हणाला, "अम्मा, लंबी साँस लो और एक साँस में गिनो. जहाँ साँस टूटे, वहाँ रुको."

तिला हे जमलं. ती म्हणाली, एक, दोन, तीन... एकोणीसपर्यंत गेली आणि थांबली. त्याने खिशातून पेन काढून स्वतःच्या मनगटाच्या वर लिहिलं: १९. बाजूला वेळ. बोटीत एका फेरीत आठच माणसं जात होती, आणि पाणी अजून चढत होतं. त्याने मला बाजूला घेऊन समजावलं. हे विष आधी डोळे मिटवतं, मग जीभ, मग श्वास. एका दमात दहाच्या वर आकडे येत असले तर वेळ आहे. आधी दोन्ही बाळं आणि त्यांच्या आया, मग दुसऱ्या फेरीत ही. दहाच्या खाली आली तर सगळं सोडून आधी हीच, आडवी, त्याच्यासोबत. "आप गिनवाओ. मैं बच्चे उतारता हूँ. दस से नीचे, तो तुरंत बोलना."

एवढी जबाबदारी मला कोणी दिली नव्हती. जीपच्या मालकाने सुद्धा चावी देताना दोनदा विचार केला होता.

तो कडेला जाऊन बाळं खाली द्यायला लागला. मी बायकोपुढे बसलो. "मोज."

तिचा आवाज नाकात गेला होता. एक, दोन... चौदा. मी ओरडलो, "चौदा!" त्याने लिहिलं. पहिलं बाळ उतरलं. पलीकडे वस्तीतला सगळ्यांत म्हातारा माणूस बोटीत बसवला गेला. दुसरं बाळ रडत होतं, म्हणजे ठीक होतं.

"मोज."

एक. दोन. तीन. तिचे ओठ हलले पण आवाज कसा कुठून तरी विहिरीतून येत होता. मी कान तिच्या तोंडाशी नेला. आणि मग श्वास तुटला.

"काका, कितना?" त्याने मान न वळवता विचारलं. त्याच्या दोन्ही हातांत लेकरू होतं.

"पंधरा!"

हे मी का म्हणालो ते सांगतो. एक कारण सवय. मी आजवर कुठलाही आकडा घरातून निघाला तसा बाहेर पाठवलेला नाही, टोपी-फेटा घालूनच पाठवला. दुसरं कारण जरा वेगळं आहे. खरा आकडा तोंडातून बाहेर काढला असता, तर तो खरा झाला असता.

"बढ़िया. बढ़ गया," तो म्हणाला, आणि बोटीचा दोर सोडायची खूण केली. मग पेन काढलं. पेन मनगटावर टेकलं. आणि तो थबकला, कारण विष चढत असताना चौदानंतर पंधरा येत नसतात, हे त्याच्याही लक्षात आलं असावं. पण तोवर मीच उठून उभा राहिलो होतो.

"नऊ! साहेब, नऊ! खोटं बोललो मी! नऊच झाले!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "पक्का?"

मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. तेव्हा वहिनी धावून आली. जिने मला चाळीस वर्षं चौथाईने घेतलं, ती म्हणाली, "ऐका साहेब, हा मानूस कवाच कमी सांगत नाई. हा नऊ म्हनते, म्हंजे सातच आसन! घ्या तिले, घ्या लवकर!"

पुढचं सगळं मिनिटभरात झालं. बोटीत बसलेला म्हातारा कोणी न सांगता उठला. "मी थांबतो. मी काय, उद्याबी म्हाताराच हाय." बायकोला चादरीत घालून खाली दिली. मी उतरलो, वहिनी उतरली. तिला कोणी विचारलंच नव्हतं, पण तिला नाही म्हणायची हिंमत फौजेत नव्हती. दोन्ही बाळं आणि त्यांच्या आया आधीच आत होत्या. मेडिकलवाल्याने बॅगेतून रबराचा एक फुगा काढला, पुढे तोंडावर बसणारी वाटी. एका हाताने तिचा जबडा उचलून वाटी घट्ट दाबली आणि दुसऱ्या हाताने फुगा दाबला. बायकोची छाती वर आली. सोडला, खाली गेली. दाबला, वर आली.

तिचा श्वास आता त्याच्या मुठीत होता.

बोट निघाली. अर्ध्यात गेलो नसू, तोच इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं. मोठ्या नदीवरच्या माणसाला हे कळायचं नाही, पण आमच्या शेतावरून बोट नेणं म्हणजे जाळ्यातून म्हैस नेणं. पाण्याखाली पऱ्हाटी, म्हणजे कापूस, उभी होती, आणि पऱ्हाटीत ठिबकच्या नळ्या. मैलोन्मैल काळ्या नळ्या. त्या इंजिनच्या पंख्याला असा वेढा घालून बसल्या की जणू शेतकऱ्याने पाणी चोरायला आलेल्याला पकडलंय. तीन जवान पाण्यात उतरले. कुठे छातीपर्यंत, कुठे गळ्यापर्यंत. एकाने विळ्याने नळ्या कापायला घेतल्या, दोघांनी दोर खांद्यावर घेऊन बोट ओढायला सुरुवात केली. रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारा पाण्याखाली होत्याच. वीज नव्हती, काटे होते. एका ठिकाणी बोट कुंपणात अडकली तेव्हा मेडिकलवाल्याने जबडा न सोडता कोपराने तार बाजूला ढकलली. त्याच्या बाहीतून लाल पाणी गळायला लागलं. त्याने तिकडे पाहिलंही नाही. दाबला, सोडला. दाबला, सोडला.

मी माझ्या आयुष्यात पुष्कळ लोकांना पुष्कळ वेळ काही ना काही करताना पाहिल्याचं सांगितलंय. चार दिवस न थांबता नाचणारा नवरदेव, सहा तास पाण्याखाली बसणारा बाबा. इथे मात्र मला काही वाढवून सांगायची सोय नाही. त्या पोराने एक तास आणि वर काही मिनिटं तो फुगा दाबला. बोटं आखडली तेव्हा त्याने तो मांडीवर ठेवून तळहाताने दाबला. तळहात थकला तेव्हा कोपर आणि बरगडीच्या मधे धरून दाबला. पण चुकला नाही.

मधेच बायको पूर्ण मिटली. पापणी नाही, बोट नाही, काहीच हललं नाही. वहिनीने तिचा हात उचलला, तो ओल्या कपड्यासारखा खाली पडला.

"मेली!" वहिनीने हंबरडा फोडला. "गेली माही बाई! सोड रे बाबा, सोड आता! मेल्यावर काहून छळता तिले!" आणि तिने त्या पोराचा हात धरला. फुग्यावरचा हात.

तो ओरडला नाही. त्याने हात झटकलाही नाही. हात दुसरीकडे लावायला त्याच्यापाशी वेळच नव्हता. तो म्हणाला, "अम्मा, वो ज़िंदा है. हिल नहीं सकती, बस. सब सुन रही है. आपने अभी जो बोला, वो भी सुना."

वहिनीचा हात गळून पडला. चाळीस वर्षांत तिला गप्प झालेली मी तेव्हाच पाहिली.

"बात करो," तो मला म्हणाला. "डर रही होगी. अँधेरे में है. बात करते रहो."

आता गंमत पाहा. जगात मला कोणी बोलायला सांगत नाही. उलट थांबायलाच सांगतात. आणि त्या घडीला माझ्या तोंडातून शब्द फुटेना. मग मला सुचलं तेच मी सुरू केलं. सत्तावीस माणसं. बोकड. बोकडाने दाखवलेले खड्डे. माणसं चौतीस झाली. बोकडाने एका वळणावर ब्रेक लावला. पाण्यात दोर ओढणारा एक जवान हसला आणि नाकातोंडात पाणी जाऊन खोकला. मी वाघावर आलो. वाघ बॉनेटवर चढला, मी म्हणालो "पुसद का?", आणि तिथे मी गोष्ट सोडली.

मी खाली वाकलो, तिच्या कानाशी. म्हणालो, "वाघ नव्हता वं. रोही व्हती. रस्त्यात उभी व्हती, मले दोन डोळे चमकले, मी सीटखाली लपलो. गाडी आपोआप बंद पडली. पॅसेंजरनं मले बाहेर काढलं." वाघ नव्हे, नीलगाय, हे तिला आजवर सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. वहिनीनेही ऐकलं, आणि माझ्याकडे न पाहता पदर डोळ्याला लावला.

तेव्हा बायकोच्या मिटलेल्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी आलं. पाऊस चालू होता, म्हणून मी बोट लावून पाहिलं. पावसाचं पाणी थंड असतं. हे गरम होतं.

"साहेब, पाहा! पाहा!"

"देखा," तो म्हणाला, आणि दाबला. "बोलते रहो."

रस्त्याला लागलो तेव्हा डॉक्टर गुडघाभर पाण्यात पुढे आले होते. तिच्या घशात नळी गेली, शिरेत औषध गेलं, फुगा दुसऱ्या हातात गेला. गाडी यवतमाळच्या दिशेने निघायच्या आत त्या पोराने मनगटावरचं सगळं वाचून दाखवलं: एकोणीस, चौदा, नऊ, आणि प्रत्येकाची वेळ. पंधरा त्याने लिहिलेच नव्हते.

गाडी सुरू होईपर्यंत रस्त्याकडेच्या एका दुकानवाल्याने सगळ्यांना चहा दिला. मेडिकलवाल्याने कप घेतला आणि त्याच्या हातातून तो सांडला. बोटं मिटतच नव्हती. नांगराच्या फाळासारखी वाकून राहिली होती. तेव्हा वहिनी पुढे झाली. तिने बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि बशी त्याच्या तोंडाला लावली. "पी रे बापा. माह्यावर राग नको ठेवू." तो दोन घोट प्यायला. डॉक्टर म्हणाले, कोपराला टाके घालू. तो म्हणाला, "वापस आके, साहब. अभी छत पे चौदह लोग और हैं." आणि बोटीत जाऊन बसला. त्याचा तो आकडा मी नंतर मोजून पाहिला. बरोबर होता. बकरी त्याने आकड्यात धरली नव्हती, पण आणली.

बायको आठवडाभर यंत्राच्या श्वासावर होती. सहाव्या दिवशी एक पापणी उघडली. नववीत गेलेल्या पोरीसारखी लाजत लाजत, अर्धीच. आठव्या दिवशी नळी निघाली. मी म्हणालो, "काही बोल." ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बकरी?" मी म्हणालो, "वाचली." तिने परत डोळे मिटले. समाधानाने, हे माझं म्हणणं. डॉक्टर म्हणाले, थकव्याने.

पाणी ओसरलं. गावात गाळ राहिला, भिंतींवर छातीएवढी रेघ राहिली, आणि शाळा पुन्हा भरायला लागली. फौजेची तुकडी परत निघण्याआधी एकदा वस्तीत आली, आजारपण किती ते पाहायला. मेडिकलवाला शाळेच्या ओट्यावर टेबल मांडून बसला. कोपराला पट्टी. आता निंबाच्या फांदीखाली रांग लागली होती, आणि रांगेत पहिली वहिनी. तिला काही झालेलं नव्हतं. त्याला देण्यासाठी तिने डब्यात गरम भाकरी आणि झुणका आणला होता.

बायको आली तसा तो उठून उभा राहिला. खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. तिने त्याचे दोन्ही हात धरून उलटेसुलटे पाहिले, बोटं मिटतात का ते पाहिलं, मिटली तेव्हा सोडले. तो हसून म्हणाला, "अम्मा, एक साँस में."

ती मोजायला लागली. सगळं गाव मोजायला लागलं. दहाला पोरं ओरडली, एकोणीसला मी ओरडलो, आणि ती थांबायलाच तयार नाही. एकतीसवर श्वास सोडला. टाळ्या झाल्या. त्याने मनगटावर लिहिण्याचं सोंग केलं.

एवढी गर्दी, एवढ्या टाळ्या. मला राहवलं नाही. मी ओट्यावर चढलो. सांगितलं, की लोकहो, या वस्तीत आजवर माझी टिंगल झाली, पण वेळ आली तेव्हा खरं कोण बोललं? बोट निघाली होती. माझं एक खोटं आणि सगळं संपलं असतं. पण मी उठलो, छाती काढली आणि म्हणालो, नऊ! एक कमी नाही, एक जास्त नाही. माझ्या आयुष्यातला तो एक आकडा घासूनपुसून, सोन्यासारखा...

"आठ," बायको म्हणाली.